गावाने वीज विकत घ्यायची तर तराजू कोणाच्या हाती?

दुकानाच्या खर्चात तीन रकमा अशा आहेत की गिऱ्हाईक येवो न येवो, त्या द्याव्याच लागतात. जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि विजेचे बिल. भाड्यासाठी घरमालकाशी बोलता येते, पगाराच्या तारखेसाठी नोकराची समजूत काढता येते. विजेच्या बिलाशी मात्र बोलणे नाही. आकडा छापून येतो, आपण भरतो. त्यामुळे चार व्यापारी एकत्र बसले की एक सूचना हमखास निघते: आपण कापड ठोकात घेतो, धान्य ठोकात घेतो, मग नगरपरिषदेने साऱ्या गावासाठी वीज ठोकात का घेऊ नये?

सूचना वेडगळ नाही. परदेशात काही ठिकाणी असे चालते आणि आपल्या महाराष्ट्रातही याच्या जवळपासचे प्रयोग झाले आहेत. पण भाव किती कमी होईल याचीच चर्चा सारे करतात. गावाच्या नावाने कोणी वीज घेऊ लागला तर त्याच्या वहीवर नजर कोणाची राहणार, हे कोणी विचारत नाही. आजचा पाठ या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

माल आणि वाहतूक

आधी धंद्याची मांडणी समजून घ्यावी. वीज तयार होते एका ठिकाणी, मोठ्या तारांनी येते दुसऱ्या यंत्रणेतून, आणि आपल्या मीटरपर्यंत पोचवतो तिसरा. महाराष्ट्रात ही तिन्ही कामे पूर्वी एकट्या वीज मंडळाकडे होती. जून 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील दुकानदाराचा संबंध येतो तो महावितरणशी.

हा तिसरा, म्हणजे वितरण करणारा, खरे तर दोन धंदे एकत्र करतो. खांब, तारा, रोहित्रे त्याची, म्हणजे वाहतुकीचा धंदा त्याचा. आणि वीज विकत घेऊन आपल्याला विकणे, म्हणजे मालाचा धंदाही त्याचाच. आपल्या बिलावर 'वहन आकार' आणि 'वीज आकार' असे वेगळे रकाने असतात ते याच कारणाने. सुरतेहून माल मागवला तर ट्रान्सपोर्टची बिल्टी वेगळी आणि मालाचे बिल वेगळे, तसेच हे.

सामूहिक खरेदीची कल्पना अशी की वाहतूक जुन्याकडेच ठेवायची, फक्त मालाची खरेदी गावाने करायची. तारा त्याच, खांब तेच, लाइनमनही तोच. पण कोणत्या कारखान्याची वीज, किती वर्षांच्या कराराने, कोणत्या भावाने, हे नगरपालिका किंवा अनेक नगरपालिकांची मिळून झालेली संस्था ठरवते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1997 मध्ये, ओहायोने 1999 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2002 मध्ये यासाठी कायदे केले. कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातील संस्थेने 2010 मध्ये सर्वांत आधी वीजपुरवठा सुरू केला.

तिथला एक नियम आपल्याला विचित्र वाटेल. गावाने असा ठराव केला की गावातील ग्राहक आपोआप नव्या खरेदीत धरले जातात. ज्याला नको असेल त्याने तसे कळवून बाहेर पडायचे. म्हणजे न विचारता गिऱ्हाईक. आपल्या धंद्यात असे कोणी केले तर भांडण होईल. पण त्यामागचे कारण व्यापाऱ्याला पटण्यासारखे आहे. एकेकाला विचारत बसले तर दहापैकी दोघे येतील, आणि दोघांच्या मागणीवर ठोक भाव मिळत नाही. म्हणून कायद्याने गिऱ्हाईक आधी दिले आणि बाहेरचा दरवाजा उघडा ठेवला. आता ज्याला गिऱ्हाईक फुकटात मिळाले त्याच्यावर पहारा जास्त हवा, हे ओघाने आलेच.

निगराँ म्हणजे नियामक

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, त्यामुळे 'नियामक आयोग' हा शब्द सुरुवातीला जड गेला. आमच्या पुस्तकी भाषेत त्याला निगराँ म्हणता येईल, म्हणजे नजर ठेवणारा. जुन्या शहरांच्या बाजारांत मुहतसिब नावाचा अधिकारी असे. तो स्वतः दुकान चालवत नसे. वजने-मापे तपासायची, भेसळ पकडायची, हे त्याचे काम. वीज नियामक आयोगाचे स्थान साधारण असेच आहे.

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ऑगस्ट 1999 मध्ये स्थापन झाला. त्याआधी मंडळ आणि सरकार मिळून भाव ठरवत. डिसेंबर 1993 मध्ये मंडळाने दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाशी वीज खरेदीचा करार केला तेव्हा आयोग नव्हता. तो भाव पुढे मंडळाला पेलला नाही आणि 2001 मध्ये करार मोडण्यापर्यंत पाळी आली. खरेदी करणारा एकटा, वही बंद, आणि पैसे देणारे लाखो, असे असले की काय होते याचे हे उदाहरण वाचकांना आठवत असेल.

आता 2003 च्या विद्युत कायद्याप्रमाणे कलम 86 अन्वये आयोगाला वितरण परवानाधारकाच्या वीज खरेदीवर आणि तिच्या भावावर नियमन करण्याचा अधिकार आहे. हे लक्षात घ्या: आपल्याला ज्या दराने विकले त्यावरच नव्हे, त्याने ज्या दराने घेतले त्यावरही. कापडाच्या धंद्यात आमची खरेदीची बिले कोणी उघडून पाहिली तर आम्हाला राग येईल. पण आमच्या गिऱ्हाइकाला शेजारचे दुकान असते. विजेच्या गिऱ्हाइकाला शेजारचे दुकान नाही, म्हणून त्याच्या वतीने आयोगाने बिले पाहायची.

मुळा-प्रवरेचा धडा

महाराष्ट्रात 'लोकांनी एकत्र येऊन ठोकात वीज घ्यायची आणि आपसात वाटायची' हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. केंद्र सरकारने 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढले आणि देशात पाच ठिकाणी नमुन्यादाखल वीज सहकारी संस्था उभ्या करण्याचे ठरले. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातील हुकेरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक. सिरसिल्ल्याचे नाव आपल्या कापडवाल्यांना नवे नाही, तेथे यंत्रमागांची मोठी वस्ती आहे.

श्रीरामपूर, राहुरी भागात मुळा-प्रवरा संस्थेला 1971 मध्ये परवाना मिळाला. संस्था स्वतः वीज तयार करत नसे. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासद शेतकरी, घरे, दुकाने, कारखाने यांना द्यायची. तारा संस्थेच्या, लाइनमन संस्थेचे, वसुली संस्थेची. सुरुवातीला ग्रामीण भागात ज्या वेगाने जोडण्या दिल्या गेल्या त्याचे कौतुक झाले आणि ते रास्त होते.

मग बिघडले कुठे? ऊस आणि पाण्याचा तो भाग. विक्रीत शेतीपंपांचा वाटा मोठा. पंपाला मीटर नसला की अश्वशक्तीवर ठोक आकारणी, वापर किती झाला याचा अंदाजच. आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. खरेदी मीटरने, विक्री अंदाजाने. खरेदीचा भाव एका ठिकाणी ठरतो, विक्रीचा भाव शेतकऱ्याला झेपेल असा दुसऱ्या ठिकाणी, आणि मधला फरक सरकारी अनुदानाने भरून निघेल या आशेवर. फरक पुरता भरून निघाला नाही. मंडळाकडे आणि नंतर महावितरणकडे संस्थेची थकबाकी शेकडो कोटींवर गेली. संस्थेचे म्हणणे की घाऊक भावच चुकीचा लावला, कंपनीचे म्हणणे की माल घेतला तर पैसे द्या. दोन्ही बाजूंचे कागद जाड होत गेले. 31 जानेवारी 2011 रोजी परवान्याची मुदत संपली आणि तो भाग महावितरणकडे गेला. पुढे काही वर्षे वाद कोर्टकचेऱ्यांत राहिला.

माझे मत असे की मुळा-प्रवरेत सहकार हरला असे म्हणणे अपुरे आहे. हुकेरीची संस्था त्याच काळात, त्याच नमुन्यावर निघाली आणि आजही वितरणाचे काम करते. घाऊक भाव कर्नाटकचा आयोग ठरवून देतो. मुळा-प्रवरेत थकबाकी वाढत असताना पहिली तीसएक वर्षे दोन्ही वह्या पाहणारा तिसरा माणूसच नव्हता. आयोग आला तेव्हा आकडा हाताबाहेर गेलेला. आमच्या बाजारात पेढी आणि किरकोळ दुकानदार यांच्यात दोन हंगाम हिशोब अडकला तर मध्यस्थ बसवतात. तीस हंगाम थांबत नाहीत.

मुंबईची बेस्ट

सहकारी संस्थेचे पाहिले, आता नगरपालिकेचे पाहू. मुंबईतील बेस्ट मूळची 1905 सालची कंपनी, 1947 मध्ये महापालिकेने विकत घेतली. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या बेटावरच्या शहरात सुमारे दहा लाख ग्राहकांना ती वीज देते. स्वतःचे वीजनिर्मिती केंद्र नाही. मोठी खरेदी टाटा पॉवरकडून. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था आपल्या रहिवाशांसाठी वीज विकत घेते, याचे आपल्या राज्यातील धडधडीत उदाहरण हेच. देशात दुसरे उदाहरण केरळात त्रिशूर महापालिकेचे, ती तेथील राज्य मंडळाकडून घाऊक वीज घेऊन शहराला देते.

बेस्टचे अंदाजपत्रक महापालिकेत मांडले जाते, पण विजेचा दर महापालिका ठरवू शकत नाही. त्यासाठी बेस्टलाही आयोगापुढे अर्ज करावा लागतो, ग्राहकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. येथे अमेरिकेत आणि आपल्यात मोठा फरक आहे. कॅलिफोर्नियात गावाच्या संस्थेचा दर तिचे स्वतःचे संचालक मंडळ ठरवते. राज्याचा आयोग संस्थेची योजना तपासून नोंदवतो, पुरेशी वीज बांधून ठेवली का ते पाहतो, पण दराला हात लावत नाही. विचार असा की संचालक म्हणजे निवडून आलेले नगरसेवक, दर आवडला नाही तर मतदार त्यांना पाडतील.

हा विचार मला पुरता पटत नाही. मतदान पाच वर्षांनी, बिल दर महिन्याला. आणि नगरसेवकाला रस्ता, नाली, पाणी अशा शंभर गोष्टींवर मत मिळते, त्यात विजेचा दर कुठे शोधणार? आपल्याकडची पद्धत, म्हणजे निवडून आलेल्यांनी धंदा चालवावा पण वजनाचा काटा दुसऱ्याने तपासावा, ही अधिक व्यवहारी वाटते.

तरीही बेस्टच्या बाबतीत एक वादाची जागा राहिली, ती समजून घेण्यासारखी आहे. बेस्ट वीजही विकते आणि बसही चालवते. बस तोट्यात. वितरण कंपनीने जोडधंदा केला तर त्याच्या उत्पन्नाचा वाटा वीज ग्राहकाच्या फायद्यासाठी वापरावा, असे कायद्याचे कलम 51 सांगते, पण कायदा येण्यापूर्वीपासून वितरण करणाऱ्या स्थानिक संस्थेला त्यातून सूट आहे. या सुटीच्या आधारे काही वर्षे बसच्या तुटीचा भाग वीज बिलातून वसूल झाला, आयोगाच्या मंजुरीने. हॉटेलवाल्यांनी आणि इतरांनी त्याला विरोध केला. बस स्वस्त असावी हे मान्य. पण बल्ब लावणाऱ्याने बसचे भाडे का द्यावे, हा प्रश्न मुंबईतल्या दुकानदाराने विचारला तर तो चुकीचा कसा? एका दुकानाचा गल्ला उघडून दुसऱ्या दुकानाचे कर्ज फेडणे आम्ही सगळेच कधी ना कधी करतो. मात्र तो गल्ला आमचा असतो.

पुण्यातला तिसरा मार्ग

2006 मध्ये राज्यात भारनियमन कडक होते. विदर्भातल्या लहान गावांनी तर तासन्‌तास अंधार काढला. त्या साली पुण्यात एक योजना झाली. शहराच्या औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांकडे स्वतःची जनित्रे होती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने असे ठरले की टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपली जनित्रे चालवावीत, आणि त्यांच्या वाट्याची ग्रिडची वीज शहराला सोडावी. डिझेलची वीज महाग. तो जादा खर्च 'विश्वसनीयता आकार' म्हणून शहरातील ग्राहकांवर बसवला, पण कमी वापर करणाऱ्या घरांना त्यातून वगळले. पुढे अशीच व्यवस्था इतर काही शहरांतही झाली.

आमच्या पाठाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की आयोगाने मंजुरी देण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेतली, जादा पैसा कोणाकडून घ्यायचा आणि कोणाकडून नाही हे आदेशात लिहिले, आणि तो आकार बिलावर वेगळा दिसला. गावासाठी गावाच्या पैशाने वीज घेण्याचा हा नियंत्रित नमुना म्हणता येईल. त्यात दुसरी बाजूही होती: ज्या शहराची ऐपत होती त्याला उजेड मिळाला, ज्याची नव्हती ते अंधारात राहिले. वर्धेसारख्या ठिकाणी तेव्हा इतके कारखाने आणि इतकी जनित्रे कुठून आणणार?

हिशोब करून पाहू

आता कागद-पेन्सिल घ्या. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत, कोणत्याही गावाचे नाहीत. गळती, वहन आणि कर बाजूला ठेवू.

समजा एका गावात 10,000 घरे आणि प्रत्येकी महिन्याला 100 युनिट. म्हणजे 10 लाख युनिट. संस्थेने भाव बांधला 5 रुपये, विक्री 5 रुपये 20 पैशांनी. महिन्याची खरेदी 50 लाख, विक्री 52 लाख, शिल्लक 2 लाख. छान दिसते.

पण सगळी वीज कराराने बांधलेली नसते. समजा आठ लाख युनिट कराराने आणि दोन लाख युनिट रोजच्या बाजारातून. आपल्या देशात वीज बाजार, म्हणजे वीज एक्स्चेंज, 2008 पासून चालू आहे. तेथे उद्याची वीज आज बोली लावून घेता येते. पावसाळ्यात भाव पडतो, चैत्र-वैशाखात चढतो. 2022 च्या मार्च महिन्यात तेथे युनिटला 20 रुपयांपर्यंत भाव गेला होता, मग केंद्रीय आयोगाला वरची मर्यादा घालावी लागली. आपण 10 रुपयेच धरू. आठ लाखांचे 40 लाख, दोन लाखांचे 20 लाख, एकूण खरेदी 60 लाख. विक्री तीच 52 लाख. एका महिन्यात 8 लाख तोटा. म्हणजे चार चांगल्या महिन्यांची शिल्लक एका उन्हाळी महिन्यात गेली. असे तीन महिने लागोपाठ आले तर वर्षाची शिल्लक उरत नाही, उलट खिशातून जाते. आणि खिसा कोणाचा? नगरपरिषदेचा, म्हणजे आपला.

हे पुस्तकी भय नाही. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड परगण्यातील काही शहरांनी मिळून काढलेली वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी ही संस्था 2021 मध्ये दिवाळखोरीत गेली. एकीकडे बाजारभाव चढले आणि दुसरीकडे कोविडच्या काळात बिलांची वसुली थकली. ओहायोत नोपेक नावाची मोठी संस्था आहे. तिने 2022 च्या उन्हाळ्यात भाव चढल्यावर सुमारे साडेपाच लाख ग्राहक मुदतीपूर्वीच जुन्या कंपन्यांच्या दरावर परत पाठवले. ग्राहकाचा त्यात फायदाच झाला असे संस्थेचे म्हणणे होते, कारण तेव्हा जुन्या कंपनीचा दर कमी होता. पण मग त्या कंपन्यांनी एवढ्या अचानक आलेल्या गिऱ्हाइकांसाठी माल कुठून आणायचा? तेथील आयोगाने नोपेककडे याचा जाब मागितला.

म्हणून तिथल्या नियमनात दोन गोष्टी आल्या. पहिली, अनामत. संस्था बुडाली तर ग्राहक परत जुन्या कंपनीकडे येतील, त्याचा खर्च भागेल इतकी रक्कम आधी ठेवायची. दुसरी, निरोपाची रक्कम. जुन्या कंपनीने तुमच्यासाठी दहा-वीस वर्षांचे करार केलेले असतात. तुम्ही दुकान बदलले तरी त्या गाठी त्याच्या गोदामात पडून राहतात. त्या महाग मालाचा फरक कोण भरणार? गेलेल्यांनी नाही भरला तर राहिलेल्यांवर पडतो, आणि राहिलेले बहुधा गरीब. म्हणून जाणाऱ्याकडून आकार घेतला जातो. तो किती असावा यावर कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे भांडण आहे. जुनी कंपनी म्हणते कमी आहे, गावांच्या संस्था म्हणतात जास्त आहे. दोघांचे हितसंबंध उघड आहेत. 2010 मध्ये तेथील पीजी अँड ई या कंपनीने तर गावांना आधी दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतील अशी दुरुस्ती जनमताला टाकली आणि प्रचारावर साडेचार कोटी डॉलरांहून जास्त खर्च केला. मतदारांनी ती फेटाळली.

आपल्या कायद्यातही ही रक्कम वेगळ्या नावाने आहे. मोठा कारखाना महावितरण सोडून दुसऱ्याकडून वीज घेऊ लागला तर कलम 42 प्रमाणे त्याला क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार द्यावा लागतो. उद्योजक त्याविरुद्ध ओरडतात. मलाही तो भारी वाटतो. पण शेतीपंप आणि लहान घरांचा दर ज्यांच्या जोरावर कमी राहतो ते सगळे एकदम उठून गेले तर काय, याचे उत्तर ओरडणाऱ्यांनी द्यायला हवे.

वर्धा जिल्ह्यात काय शक्य आहे

अमेरिकेसारखा ठराव वर्धा किंवा हिंगणघाट नगरपरिषदेने उद्या केला तर तो कायद्यात बसणार नाही. आपल्याकडे सामान्य ग्राहकाला पुरवठादार निवडण्याची मुभा, ज्याला मुक्त प्रवेश म्हणतात, ती कायद्याने एक मेगावॅटपेक्षा जास्त मागणी असणाऱ्यांसाठी आहे. घर किंवा दुकान तेथवर पोचत नाही.

दुसरा वितरण परवाना मागता येईल का? त्यासाठी आपल्या तारा टाकाव्या लागतात आणि क्षेत्रही मोठे लागते. पूर्वी एक नगरपरिषद किंवा एक महसुली जिल्हा पुरत असे. 2022 मध्ये केंद्राने नियम बदलला: संपूर्ण महानगरपालिका, किंवा लगतचे तीन महसुली जिल्हे, किंवा सरकार अधिसूचित करील ते लहान क्षेत्र. वर्धा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. म्हणजे नागपूर, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती यांपैकी दोन जिल्हे बरोबर घ्यावे लागतील, नाहीतर सरकारकडून खास अधिसूचना. हे नगरपरिषदेचे काम नव्हे.

मग उरते काय? विद्युत कायद्याचे कलम 5 ग्रामीण भागात पंचायत संस्था, ग्राहक संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत घाऊक वीज खरेदी आणि स्थानिक वितरणाच्या राष्ट्रीय धोरणाची गोष्ट करते. कलम 13 प्रमाणे सरकारच्या शिफारशीवरून आयोग स्थानिक संस्थेला परवान्यातून सूटही देऊ शकतो. कागदावर दार आहे. मुळा-प्रवरेच्या अनुभवानंतर महाराष्ट्रात त्यातून शिरायला कोणी फारसे उत्सुक दिसत नाही. शेजारी नागपुरात 2011 ते 2019 या काळात शहराच्या काही भागांत खासगी फ्रँचाइझी होती. पण ती महावितरणने नेमलेली, गावाने नेमलेली नव्हे. भिवंडीत 2007 पासून टोरंटची व्यवस्था आहे, तीही तशीच.

एक लहान पण खरा मार्ग मात्र उघडा आहे. 2022 च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांत सौर, पवन अशा विजेसाठी मर्यादा एक मेगावॅटवरून 100 किलोवॅटवर आणली. 2023 च्या दुरुस्तीनंतर एकाच वितरण विभागातील अनेक जोडण्यांची बेरीज 100 किलोवॅट भरली तरी चालते. नगरपरिषदेचे पाणीपुरवठ्याचे पंप, पथदिवे, शाळा, कार्यालय ही सारी बिले तिच्याच नावाची असतात. रहिवाशांच्या घरची वीज नव्हे, पण रहिवाशांच्या कराने भरली जाणारी वीज. येथे नगरपरिषदेने खरेदी शिकावी. पाण्याच्या पंपाचे बिल कमी झाले तर पाणीपट्टीवर परिणाम दिसला पाहिजे, तो दिसतो का ते पाहावे. दिसला नाही तर घरोघरीच्या विजेची गोष्ट बोलूच नये.

असा प्रस्ताव सभेपुढे आला तर नगरसेवकाला काय विचारायचे? करार किती वर्षांचा आणि दर दरवर्षी किती वाढतो. ढग आले, रात्र झाली तेव्हाची वीज कोणत्या दराने. वहन आकार आणि अधिभार धरून मीटरजवळ भाव काय पडतो, कारण विकणारा नेहमी कारखान्याच्या फाटकावरचा भाव सांगतो. निविदा किती जणांनी भरल्या. विक्रेता मध्येच पळाला तर त्याची किती अनामत आपल्याजवळ आहे. आणि ही वही नगरपरिषदेच्या इतर हिशोबापासून वेगळी लिहिली जाईल का. शेवटच्या प्रश्नाला 'पुढे बघू' असे उत्तर आले तर ठराव पुढे ढकलायला सांगावे.

महावितरणच्या दराबाबत बोलायचे असेल तर त्याचीही जागा आहे. कलम 64 प्रमाणे दराचा अर्ज आल्यावर त्याचा सारांश जाहीर करावा लागतो आणि हरकती ऐकून आयोगाने 120 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वृत्तपत्रात ती जाहिरात बारीक टायपात येते. सूचना लेखी पाठवता येते, मराठीत चालते, वकील लागत नाही. विदर्भातील सुनावण्या नागपूर आणि अमरावतीला होत आल्या आहेत. त्यांत कारखानदारांच्या संघटना तयारीने येतात, किरकोळ व्यापाऱ्यांची खुर्ची बहुधा रिकामी असते. आपल्या व्यापारी संघाने निदान दोन पानांची हरकत द्यावी, त्यात स्वतःच्या बारा महिन्यांच्या बिलांचा तक्ता लावावा.

बिल चुकले, जोडणी मिळाली नाही, अशा वैयक्तिक तक्रारी तेथे नेऊ नयेत. त्यासाठी वितरण कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या निकालाने समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल, ज्याचे विदर्भासाठीचे कार्यालय नागपूरला आहे. अर्जासोबत ग्राहक क्रमांक असलेले बिल, आधी केलेल्या तक्रारीची पोच आणि भरलेल्या पावत्या जोडाव्यात. आपण जोडणी घेताना दिलेल्या सुरक्षा ठेवीवर कलम 47 प्रमाणे व्याज मिळते, ते वर्षातून एकदा बिलात वळते झाले का, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.